कपाळावरचा दिवा आणि रिसोडचे पाहुणे

माणसाच्या कपाळावर काय लिहिलंय ते कुणाला वाचता येत नाही, असं म्हणतात. माझ्या कपाळावर मात्र ठळक अक्षरांत 'हाय पॉवर' असं लिहिलेलं होतं, आणि ते रिसोडच्या पाहुण्यांनी डोळे मिटायच्या आत वाचलं.

मी एसटीत कंडक्टर. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावजवळ आमचं गाव आणि गावाला लागून थोडं शेत. वस्तू घेण्याच्या बाबतीत घरात माझं मोठं नाव आहे. (बायको ते नाव पाहुण्यांसमोर घेत नाही, एवढंच.) भाजी न कापणारं भाजी कापायचं यंत्र, डासांना गुदगुल्या करणारी रॅकेट आणि फक्त घरातच उघडणारी छत्री, एवढी इस्टेट मी आजवर जमवली आहे. त्यामुळे मालेगावच्या बाजारात करीमभाईच्या हातगाडीवर तो डोक्याला बांधायचा एलईडी दिवा दिसला तेव्हा मी पुढं निघून जायला हवं होतं. पण करीमभाई माझ्या गाडीचा रोजचा प्रवासी. त्यानं हाक मारली आणि ओळखीच्या माणसानं हाक मारली की माझी बेल वाजते, गाडी थांबते.

"कंडक्टरसाब, हा दिवा नाई, डोक्यावरचा सूरज हाय," तो म्हणाला. "दोन्ही हात मोकळे. पाहसान तिकडं उजेड. अन् बटनाची कटकट नाई. समोरून नुसता हात फिरवा, बंद. परत फिरवा, चालू."

"अन् तोटे?" मी विचारलं. मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही.

"फायदे मी सांगतो. तोटे घरी सांगतीन."

इतका सरळ दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. दिवा इतका स्वस्त होता की न घेणं म्हणजे नुकसान करून घेणं. मी घेतला.

त्याच संध्याकाळी घरातली लाइट गेली. मला इतका आनंद झाला की बायकोनं संशयानं पाहिलं. मी पट्टा कपाळावर चढवला, हात फिरवला आणि आमचं स्वयंपाकघर असं उजळलं की भिंतीवरची पाल लाजून फोटोमागं गेली. बायको, म्हणजे सुमन, कणीक मळत होती. तिनं पिठाचा हात डोळ्यांवर धरला आणि म्हणाली, "अजी, मले आंधळं करून राह्यले का?" हा पहिला तोटा. ज्याच्याशी बोलायचं त्याला आपण दिसत नाही आणि आपल्याला तो डोळे मिटलेला दिसतो. एक डास कपाळाशी आला, मी तो हाकलला आणि दिवा विझला. परत हाकलला, दिवा पेटला. हा दुसरा. डासाला मात्र मजा येत होती.

पण खरा घोळ पुढंच होता. सुमन मला तिच्या भावाच्या नव्या घराबद्दल काहीतरी सांगत होती आणि मी "हो, हो, ऐकतो ना" म्हणत होतो. एकाएकी ती गप्प झाली. मी म्हटलं, काय झालं? तिनं बोट दाखवलं. माझं सगळं लक्ष तिच्या बोलण्याकडे असताना उजेड मात्र फळीवरच्या गुळाच्या डब्यावर पडला होता, आणि तो बराच वेळ तिथंच मुक्कामाला होता! माझी साखर काठावर आल्यापासून घरात मला गूळ बंद आहे. तो डबा मी बघत नाही, असं मी शपथेवर सांगत आलो होतो.

"हा दिवा लय चांगला हाय," सुमन म्हणाली. "लावतच जा."

म्हणजे बघा, पाहू तिकडं उजेड हा करीमभाईच्या मते फायदा, माझ्या मते तोटा आणि बायकोच्या मते फायदा. दोन विरुद्ध एक. माझ्या घरात ठराव असेच मंजूर होतात.

आता आमच्या प्रज्ञाबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते तिच्यापायी. प्रज्ञा ही आमची एकुलती एक मुलगी. वाशीमला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासते. गल्लीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांची साखर तपासायचं छोटं यंत्र तिच्या पिशवीत कायम असतं. हुशार, कामसू, सगळं चांगलं. पण तिच्या मनात काय आहे हे तिच्या तोंडून काढणं म्हणजे कोरड्या विहिरीतून बादली ओढणं. स्थळं आली, पोहे झाले, चहा झाला. प्रत्येक वेळी आम्ही विचारलं की पोरगा पसंत आहे का. प्रत्येक वेळी तिनं खाली मान घालून सांगितलं, "तुमी म्हनसान तसं." आणि मग दोन दिवस ती जेवायची नाही. यावरून आम्ही समजायचो की नापसंत. बापाचा जीव किती टांगणीला लागतो ते मुलींना कळत नाही. मला तिचं लग्न उरकायचं नव्हतं. मला फक्त एकदा, तिच्या तोंडून, 'हो' ऐकायचं होतं.

रिसोडच्या स्थळानं मुलगी पसंत केली होती. मुलगा मिलिंद, शाळेत शिक्षक. पोहे झाल्यावर प्रज्ञाला विचारलं तर तेच, तुमी म्हनसान तसं. पण या वेळी ती जेवली. दोन्ही वेळा जेवली. आम्ही नवरा-बायको तिच्या पोळ्या मोजत बसलो आणि गोंधळात पडलो. तेवढ्यात मुलाचे वडील किसनराव यांचा फोन आला की घरदार-शेत पाहायला येतो, आणि जमलं तर तुमच्या शेतात रोडगे खाऊ.

रोडगे म्हटल्यावर वऱ्हाडातला माणूस सोयरीक मोडायला आला असला तरी जेवून जातो. कणकेचे पदर घातलेले गोळे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडायचे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी, वरण आणि शेवटी तूप-गुळात कुस्करलेला रोडगा. आणि सगळ्यात महत्त्वाचा तो आग्रह. पाहुण्यानं हात आडवा धरून "नको, नको" म्हणायचं आणि वाढणाऱ्यानं त्या हातावरून वाढायचं. पाहुणा एका दमात "हो" म्हणाला तर त्याची अब्रू जाते, आणि वाढणारा "बरं" म्हणून मागं फिरला तर आमची.

शेतात लाइट नाही. सुमन म्हणाली घरची चार्जिंगची ट्यूब घेऊ. मी म्हटलं, सूर्य कपाळावर असताना ट्यूब कशाला? वाढणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे हवेत, प्रत्येक पानावर उजेड हवा, अशा कामासाठीच हा दिवा जन्माला आला आहे.

"उजेड डोक्यावर असून काय करता," ती म्हणाली. पुढचं तिनं मनात ठेवलं, पण मला ऐकू आलं. ट्यूब मी घरीच ठेवली.

पाहुणे दिवस मावळायच्या आधी जीपनं आले. जय भीम झाला, पाणी झालं, शेत पाहून झालं. किसनराव म्हणजे भरदार देह आणि लहान मुलाचा चेहरा. आराजवळून ते हलायलाच तयार नव्हते. त्यांच्या पत्नी शांताबाई कडक. आल्या आल्या त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना साखरेचा त्रास आहे, तूप बेतानं वाढा आणि गूळ तर दाखवूही नका. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं. मिलिंद गरीब गाईसारखा बापाच्या मागं उभा होता. प्रज्ञा ड्युटीवरून परस्पर शेतात आली आणि पिशवी बाभळीला अडकवून आईला मदत करायला लागली. तिनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझा जीव खाली-वर होऊ लागला.

अंधार पडला. ताटं मांडली. तिघं पाहुणे ओळीनं बसले, मध्ये किसनराव. मिलिंदनं मोबाइलचा टॉर्च काढला तर मी तो बंद करायला लावला. घरच्या माणसानं उजेडाची सोय केलेली असताना पाहुण्यानं टॉर्च लावणं मला अपमानासारखं वाटलं. मग मी पट्टा चढवला आणि हात फिरवला. तिघांनी एकदम डोळे मिटले. पंगत नव्हे, ध्यानाला बसल्यासारखे दिसत होते.

"पुढं सरका जरा," मी सवयीनं म्हणालो आणि वाढायला वाकलो.

पहिले रोडगे आनंदात गेले. मग मी तुपाची गडवी घेऊन किसनरावांसमोर वाकलो, थोडी धार धरली आणि त्यांनी रीतीप्रमाणे हात आडवा केला. "बस, बस, नको." तो हात माझ्या कपाळासमोरून गेला आणि दिवा विझला. आता मला सांगा, तुपाची धार अंधारात कशी थांबवायची? गडवी हलवली तर तूप त्यांच्या मांडीवर, न हलवावी तर ताटात. मी विचार करेपर्यंत ताटात बरंच जाऊन पडलं. मी घाईनं हात फिरवला, उजेड झाला. किसनरावांचा रोडगा तुपात पोहत होता. "अहो!" शांताबाई म्हणाल्या. किसनराव निरागसपणे म्हणाले, "मी तं नाईच म्हनलं. लाइट गेली."

खरं तर तिथंच मी तो दिवा काढून ठेवायला हवा होता. पण आग्रह चालू होता. शांताबाईंनी हात आडवा केला, दिवा गेला. मिलिंदनं अंधारात पाण्यासाठी हात पुढं केला, दिवा आला. कुणी डास हाकलला, दिवा गेला. आमचं शेत लांबून पाहणाऱ्याला वाटलं असेल, इथं कुणाचीतरी वरात उतरली आहे.

या सगळ्या गोंधळात एक माणूस मात्र शांत होता. किसनराव. त्यांच्या एका गोष्टीचं मला कौतुक वाटायला लागलं होतं की हा माणूस सारखा नको म्हणतो. मी समोर नुसता वाकलो तरी हात आडवा. गूळ मी त्यांच्यासमोर ठेवला नव्हता, शांताबाईंच्या ताटाजवळ ठेवला होता. मी वाकलो की त्या वाटीकडे पाहूनसुद्धा ते "नाई, नाई" म्हणत हात हलवत. दर वेळी दिवा जाई. शांताबाई अंधारातच मला म्हणाल्या, "आज यायनं लय संयम ठेवला. घरी असे राह्यत नाई." मी म्हटलं, आमच्या शेताची हवाच तशी आहे. दिवा लावला आणि मला दिसलं की गुळाची वाटी रिकामी आहे. शांताबाईंनी तर अजून गूळ घेतलाच नव्हता.

मी हळूच किसनरावांकडे पाहिलं. (हळूच पाहायची सोय त्या दिव्यात नाही, हा मोठाच तोटा.) उजेड त्यांच्या तोंडावर पडला. एक गाल चांगलाच फुगला होता. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कुणाही बापाला दया यावी, आणि हात आडवा केला. अंधार. काय करणार? मुलाकडची बाजू. मी गुळाची वाटी परत भरून ठेवली. वचनाचं काय, असं तुम्ही विचाराल. वचन शांताबाईंना दिलं होतं, पण सोयरीक दोघांशी करायची होती.

हे असंच निभलं असतं. पण दिव्याच्या या ये-जा करण्याला सुमन कंटाळली आणि आराजवळून ओरडली की ते हाताचं बंद करा आणि बटणावर लावा. मी चाचपडत बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. आणि तो दिवा लुकलुकायला लागला. चालू-बंद, चालू-बंद, इतकं भराभर की डोळे गरगरावेत! असा काही गुण त्याच्यात आहे हे करीमभाई बोलला नव्हता. मी घाबरून किसनरावांकडेच पाहिलं. अंधार आहे या भरवशावर ते कामाला लागले होते. आम्हाला सगळ्यांना ते तुकड्या-तुकड्यांत दिसलं. हात वाटीत. हात वर. गूळ तोंडाशी. गूळ नाही.

शांताबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त भीतीदायक होतं. त्या म्हणाल्या की मी आल्या आल्या हात जोडून सांगितलं होतं, तरी या घरानं माझ्या माणसाच्या जिवाशी खेळ केला, आणि अशा घरात सोयरीक करायची का याचा विचार करावा लागेल. जीपवाल्याला हाक मारा, असं त्यांनी मिलिंदला सांगितलं. किसनराव तोंडातला गूळ गिळावा की ठेवावा या पेचात होते. मी माफी मागत होतो आणि माझं कपाळ लुकलुकत होतं. लुकलुकत्या माणसाची माफी कुणी खरी मानत नाही. पट्टा काढायला गेलो तर तो चष्म्यात अडकला. चष्म्यासकट सगळं ओढलं तेव्हा चष्मा वांग्याच्या भाजीत पडला आणि दिवा मातीत. वस्तू घ्यायच्या माझ्या खोडीनं आतापर्यंत फक्त फळी भरली होती, आता मुलीचं जमलेलं मोडणार होतं.

प्रज्ञानं दिवा उचलला. शांतपणे बटण दाबून त्याचं लुकलुकणं थांबवलं, पट्टा स्वतःच्या कपाळावर चढवला आणि बाभळीवरची पिशवी काढली.

"काकू, रागवा मंग," ती म्हणाली. "पहिले किती हाय ते तं पाहू द्या."

ती किसनरावांसमोर बसली आणि यंत्र काढलं. एका हातात त्यांचं बोट, दुसऱ्या हातात सुई. दोन्ही हात मोकळे लागतात अशा कामाला तो दिवा पहिल्यांदाच खरा कामी येत होता. सगळे थांबले. शांताबाईसुद्धा. पांढरा स्वच्छ उजेड किसनरावांच्या बोटावर पडला होता.

मग तो उजेड बोटावरून उठला. किसनरावांच्या खांद्यावरून मागं गेला आणि जीपवाल्याला हाक मारायला उठलेल्या मिलिंदच्या चेहऱ्यावर जाऊन थांबला. मिलिंदनं डोळे मिटले नाहीत, हे मी भाजीतून काढलेल्या चष्म्यातूनही पाहिलं. उजेड झटकन बोटावर परत आला. सुई जवळ गेली. उजेड पुन्हा मिलिंदवर. पुन्हा बोट. पुन्हा मिलिंद, आणि या वेळी तिथंच मुक्कामाला. तिला बिचारीला कळतही नव्हतं. गुळाच्या डब्याच्या वेळी मलाही कळलं नव्हतं, रक्ताचा गुण असावा.

मग शांताबाई म्हणाल्या, "पोरी, बोट इकडं हाय."

सुमन फिसकन हसली. किसनराव गुळासकट हसले. प्रज्ञानं लाजून दोन्ही हात तोंडावर घेतले, ते कपाळासमोरून गेले आणि गच्च अंधार झाला.

"राहू दे तसाच अंधार," शांताबाईंचा आवाज आला. राग त्यातून कुठच्या कुठं गेला होता. "आता कोनाले काही दिसत नाई. सांग बरं, पसंद हाय का माहा पोरगा?"

मी मनात म्हटलं, आता येणार, तुमी म्हनसान तसं.

"हो काकू," प्रज्ञा म्हणाली. "मले पसंद हाय."

मला रडू आलं. सरळ सांगतो, घळाघळा आलं, आणि अंधार आहे म्हणून मी ते येऊ दिलं. ज्या एका शब्दासाठी आम्ही तिच्या पोळ्या मोजत होतो तो असा, बाभळीखाली, कुणाला न दिसता आला. माझं मन इतकं भरून आलं की काय करावं ते कळेना. सोयरीक जमली की तोंड गोड करायचं, ही आपली रीत. गुळाची वाटी जवळच होती. मी चाचपडलो.

तेवढ्यात "बाबा" म्हणून प्रज्ञानं हात फिरवला. करीमभाईचा सूर्य माझ्या तोंडावर उगवला. डोळ्यांतून पाणी, तोंडात गूळ, आणि हात अजून वाटीतच.

"घ्या," सुमन म्हणाली, "हे दुसरे."

किसनरावांनी माझ्याकडे पाहून मोठ्या मायेनं हात आडवा केला, पण दिवा आता माझ्या मुलीच्या कपाळावर होता आणि तिच्यापर्यंत तो हात पोचला नाही. प्रज्ञा आधी त्यांच्याकडे वळली. बोट टोचलं, आकडा पाहिला आणि शांताबाईंना सांगितलं की वाढली आहे, पण घाबरण्यासारखं नाही, उद्या उपाशीपोटी पुन्हा तपासू. शांताबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग प्रज्ञानं नवी सुई काढली.

"बाबा, आता तुमचं बोट."

दिलं. काय करतो? आणि हो, किसनरावांपेक्षा माझाच आकडा मोठा निघाला. या सबंध सोयरिकीत मुलीकडची बाजू वरचढ ठरली ती तेवढ्यातच.